डोळ्यांखालचं काजळ आणि टेकलेला गुडघा

मंडळी, आजचा विषय जरा लांबचा आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांमधला फुटबॉल, आणि तो खेळताना आपली ख्रिस्ती श्रद्धा चारचौघांत मिरवणारी मुलं. 'मिरवणारी' म्हणू की 'जगणारी' म्हणू, यावर मी बराच वेळ अडले. आपल्या भाषेत दोन्ही शब्द आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पालखी मिरवायची असते, भक्ती जगायची असते असं आपण म्हणतो खरं. पण पालखीबरोबर अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या बाईला विचारा, तिला हा फरक पटेलच असं नाही. तर या दोन शब्दांमध्ये ही मुलं नेमकी कुठे बसतात, ते बघू या.

आधी खेळाबद्दल थोडं, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो ठाऊक नसतो. हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल असतो आणि पायाला क्वचितच लागतो. तो हातात धरून पळायचं, नाहीतर पुढे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही जमलं तर चेंडू समोरच्या संघाला. चेंडू कुणाला द्यायचा, केव्हा फेकायचा हे ठरवणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक, संघाचा सूत्रधार. कॉलेजचे सामने मुख्यतः शनिवारी होतात. 'कॉलेजचे सामने' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गॅदरिंगच्या आठवड्यातलं मैदान आणि चुन्याच्या फक्की येतात. तसं नाही ते. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १,०७,६०१ माणसं बसतात. आपल्या वानखेडेत साधारण तेहतीस हजार. म्हणजे तीन वानखेडे भरून माणसं, आणि मध्ये वीस-एकवीस वर्षांची मुलं. हे लक्षात ठेवा, कारण त्या वयाची मुलं एवढ्या लोकांसमोर जे करतात ते सगळा देश बघतो.

या विषयातलं सगळ्यांत गाजलेलं नाव टिम टीबो. आईवडील ख्रिस्ती मिशनरी, जन्म १९८७ मध्ये फिलिपीन्समधला. शाळेत गेला नाही, शिक्षण घरीच झालं. फ्लोरिडा राज्यात घरी शिकणाऱ्या मुलांनाही सरकारी शाळेच्या संघातून खेळता येतं, म्हणून तो फुटबॉलपर्यंत पोचला. पुढे फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळताना २००७ मध्ये त्याला हाइझमन करंडक मिळाला. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हा मान दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मिळण्याची ती पहिलीच वेळ.

उन्हाची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून हे खेळाडू डोळ्यांखाली काळा लेप लावतात. आपल्या काजळासारखाच, फक्त गालावर. टीबो त्या काळ्या पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरांत बायबलमधल्या वचनाचा आकडा लिहायचा. २००८ च्या हंगामात तो पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातलं एक वचन लिहीत असे. ८ जानेवारी २००९ ला राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना होता, ओक्लाहोमाविरुद्ध. त्या दिवशी त्यानं लिहिलं 'योहान ३:१६'. देवानं जगावर केलेल्या प्रेमाबद्दलचं, ख्रिस्ती धर्माचं सार म्हणावं असं हे वचन. फ्लोरिडानं सामना २४-१४ असा जिंकला आणि त्या दिवसात कोट्यवधी लोकांनी गूगलवर जाऊन 'योहान ३:१६ म्हणजे काय' ते शोधलं. टीबो स्वतः हा आकडा नऊ कोटींच्या वर सांगतो. आकड्याचा हिशेब बाजूला ठेवला तरी एक गोष्ट नक्की, की एखाद्या धर्मोपदेशकाला जन्मभरात जेवढे श्रोते मिळत नाहीत तेवढे या पोराच्या गालावरच्या दोन इंच जागेनं एका रात्रीत गोळा केले.

२०१० च्या हंगामापासून कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेनं डोळ्यांखालच्या लेपावर काहीही लिहायला मनाई केली. लोक त्याला 'टीबो नियम' म्हणू लागले. पण नियम एकट्या धर्मवचनांविरुद्ध नव्हता. रेजी बुश नावाचा खेळाडू तिथे आपल्या गावाचा टेलिफोन कोड लिहायचा, ६१९. तोही बंद झाला. मला हा नियम योग्य वाटतो, आणि तो सगळ्यांना सारखा आहे म्हणूनच योग्य वाटतो. वर्गात कंपासपेटीवर काही लिहायचं नाही असं ठरलं, तर रामाचं नावही नाही आणि हीरोचं नावही नाही.

आता गंमत बघा. बरोबर तीन वर्षांनी, ८ जानेवारी २०१२ ला, टीबो व्यावसायिक संघाकडून, डेन्व्हर ब्रॉन्कोजकडून, पिट्सबर्गविरुद्ध खेळला. त्या दिवशी त्याच्या फेकींतून मिळालेलं एकूण अंतर झालं ३१६ यार्ड! एका यशस्वी फेकीची सरासरी ३१.६. झालं, लोकांना चमत्कार दिसला. मी इतिहास शिकवला आहे, त्यामुळे असे योगायोग दिसले की मी पुढचं पान उलटते. पुढच्याच आठवड्यात तोच संघ तोच टीबो घेऊन न्यू इंग्लंडशी खेळला आणि ४५-१० असा सडकून हरला. त्या आकड्यांत कुणी वचन शोधलं नाही. यशात देव सापडतो आणि अपयशात तो हरवतो, ही खोड अमेरिकेची नाही, माणसाची आहे. दहावीच्या निकालानंतर पेढे घेऊन देवळात जाणारे मी पुष्कळ पाहिलेत. नापास झाल्यावर पेढे घेऊन गेलेला एकही नाही.

म्हणूनच माझ्या लेखी या मुलांची परीक्षा हरण्याच्या दिवशी होते, आणि त्यातली काही चांगल्या मार्कांनी पास झालेली आहेत. टेक्सास विद्यापीठाचा कोल्ट मॅकॉय हा क्वार्टरबॅक. ७ जानेवारी २०१० ला अलाबामाविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना. सगळं आयुष्य ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस. सुरुवातीच्याच काही मिनिटांत त्याच्या खांद्याला मार बसला, हाताची संवेदना गेली, आणि उरलेला सामना त्याला मैदानाबाहेरून बघावा लागला. टेक्सास ३७-२१ हरलं. सामना संपल्यासंपल्या कुणीतरी त्याच्यापुढे माइक धरला. पोराचा आवाज फुटत नव्हता. तरी तो बोलला ते एवढंच, की आपण खेळायला काहीही दिलं असतं, पण श्रेय देवालाच, हे का घडलं असं मी विचारत नाही, माझे पाय खडकावर आहेत. ज्याला हा खडक कळत नाही त्यालाही त्या क्षणी तो मुलगा कळतो. तुकोबांचं दुष्काळात दिवाळं निघालं, घरची माणसं गेली, आणि त्यानंतर त्यांची भक्ती ओसरली नाही, वाढली. हे आपण मुलांना शिकवतो. ती जातकुळी हीच.

टीबोचंही तसंच. ५ डिसेंबर २००९ ला अलाबामाकडून ३२-१३ हरल्यावर तो मैदानाच्या कडेला सगळ्यांदेखत रडला आणि विरोधी प्रेक्षकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांखाली होतं योहान १६:३३. जगात तुम्हांला दुःख आहेच, पण धीर धरा, अशा अर्थाचं ते वचन आहे. सामन्याआधीच लिहिलेलं. ओल्या काजळाखाली ते कसं दिसलं असेल याचा मी विचार करते.

पण मग बायबल स्वतः काय सांगतं? मला बायबलची ओळख मराठीतूनच झाली. पंडिता रमाबाईंनी मराठीत केलेलं भाषांतर, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', रेव्हरंड टिळकांची कविता, हे आमच्या बी.ए.च्या काळात मराठीच्या विद्यार्थ्याला चुकवता येत नसे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचं डोंगरावरचं प्रवचन आहे. त्यात एका ठिकाणी तो म्हणतो, दिवा लावून मापाखाली झाकून ठेवू नका, वर ठेवा, सगळ्यांना उजेड पडू द्या. आणि त्याच प्रवचनात थोडं पुढे सांगतो, लोकांनी बघावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करू नका, खोलीत जा, दार लावा, आणि मग करा. एकाच प्रवचनात दोन्ही! टीबोच्या बाजूचे पहिलं वाक्य सांगतात, टीकाकार दुसरं. मला वाटतं, सांगणाऱ्याला दोन्ही म्हणायचं होतं. काम असं करा की उजेड पडेल. प्रार्थना अशी करा की टाळी पडणार नाही. एक लाख लोकांच्या मैदानात हे जमवणं फार कठीण आहे.

हे सगळं फुटबॉलमध्येच एवढं का, असाही प्रश्न पडतो. त्याची मुळं जुनी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'बलवान शरीर, शुद्ध मन' असा एक ख्रिस्ती विचार इंग्लंडमधून अमेरिकेत आला. वाय.एम.सी.ए.च्या जेम्स नेस्मिथनं १८९१ मध्ये बास्केटबॉल शोधला तो याच विचारातून. शिकागो विद्यापीठाला १८९२ पासून चाळीस वर्षं फुटबॉल शिकवणारा अमॉस अलोंझो स्टॅग येल विद्यापीठात धर्मशास्त्राचा विद्यार्थी होता. १९५४ मध्ये ख्रिस्ती खेळाडूंची एक राष्ट्रीय संस्था निघाली आणि कॉलेजाकॉलेजांत तिच्या शाखा झाल्या. शिवाय फुटबॉलचा जीव दक्षिणेत, आणि दक्षिणेत चर्चचा जोर. कृष्णवर्णीय कुटुंबांतून आलेल्या अनेक मुलांना चर्च हे दुसरं घरच. आपल्या तालमीत मारुतीची तसबीर असते, पैलवान माती कपाळाला लावून आखाड्यात उतरतो. त्याला कुणी 'हे काय चाललंय' म्हणून विचारत नाही. तसंच थोडंसं.

आणि एक कारण साधं आहे. भीती. हा खेळ मोडतोडीचा आहे. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत एका व्यावसायिक सामन्यात डमार हॅमलिन हा चोवीस वर्षांचा खेळाडू टक्कर झाल्यावर उठला, आणि दुसऱ्या क्षणी कोसळला. हृदय बंद पडलं होतं. मैदानावरच त्याच्यावर उपचार सुरू झाले आणि दोन्ही संघ गुडघे टेकून बसले. कुणाचा धर्म कोणता, कोण कुठल्या संघाचा, काही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी क्रीडा वाहिनीवर एका समालोचकानं चालू कार्यक्रमात डोळे मिटून प्रार्थना केली. एरवी त्यावर गदारोळ झाला असता. त्या दिवशी झाला नाही. हॅमलिन वाचला, पुन्हा खेळू लागला. ज्याच्या शेजारचा मुलगा असा कोसळू शकतो त्यानं सामन्याआधी डोळे मिटले, तर मला ते ढोंग वाटत नाही.

या विषयात मी शिरले ती नातवामुळे. तो ओहायो स्टेट विद्यापीठात शिकतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या फुटबॉल संघातल्या काही मुलांनी विद्यापीठाच्या आवारात संध्याकाळी प्रार्थनासभा घेतली. शेकडो विद्यार्थी जमले. खेळाडूंनी आपापल्या आयुष्याबद्दल सांगितलं आणि तिथेच पाण्यानं भरलेल्या टाक्यांत कित्येकांनी बाप्तिस्मा घेतला. नातू फोनवर म्हणाला, "आजी, कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. मी लांबून बघत होतो." हे लांबून बघण्याचं स्वातंत्र्य मला फार मोलाचं वाटतं. पुढे तोच संघ नोव्हेंबरमध्ये मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० हरला. सामन्यानंतर झेंडा रोवण्यावरून दोन्ही संघांत अशी हाणामारी झाली की पोलिसांना तिखटाचा फवारा मारावा लागला. आणि २० जानेवारी २०२५ ला त्याच ओहायो स्टेटनं नोत्र दामला ३४-२३ हरवून अजिंक्यपद मिळवलं. प्रार्थनासभाही त्यांचीच, हाणामारीही त्यांचीच, करंडकही त्यांचाच. या मुलांना संत ठरवायची घाई करू नये, आणि लबाडही ठरवू नये. ती वीस वर्षांची मुलं आहेत.

अंतिम सामन्यातला दुसरा संघ, नोत्र दाम, कॅथलिक विद्यापीठाचा. त्यांच्या ग्रंथालयाच्या भिंतीवर हात वर केलेल्या येशूचं भव्य चित्र आहे, आणि फुटबॉलचे पंचही गुण झाल्यावर अस्सेच हात वर करतात, म्हणून विद्यार्थी त्याला लाडानं 'टचडाउन जीझस' म्हणतात. दोन्ही संघ मनापासून प्रार्थना करून उतरले. देवानं कुणाचं ऐकायचं? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, पण जी मुलं 'जिंकव' म्हणून न मागता 'दोघांनाही सुखरूप ठेव' म्हणून मागतात, त्यांनी हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला आहे.

इथवर मी मुलांच्या बाजूनं बोलले. आता ज्याबद्दल मला खरी काळजी वाटते ते सांगते. गुडघा कोण टेकतो, यावर सगळं अवलंबून आहे.

वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन गावच्या सरकारी शाळेत जोसेफ केनेडी नावाचे साहाय्यक फुटबॉल प्रशिक्षक होते. सामना संपला की ते मैदानाच्या मधोमध गुडघा टेकून प्रार्थना करत. हळूहळू मुलं त्यांच्याभोवती जमू लागली. २०१५ मध्ये शाळा प्रशासनानं त्यांना ते थांबवायला सांगितलं; ते थांबले नाहीत, त्यांना रजेवर पाठवलं, प्रकरण कोर्टात गेलं. २७ जून २०२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ असा त्यांच्या बाजूनं निकाल दिला: ही त्यांची वैयक्तिक प्रार्थना होती, तिला घटनेचं संरक्षण आहे. कायदा मला कळत नाही, पण शाळा कळते. त्या खटल्याच्या कागदपत्रांत एका पालकाची तक्रार आहे. त्यांचा मुलगा देव मानत नव्हता, तरी तो त्या घोळक्यात जाऊन बसायचा, कारण नाही गेलो तर खेळायला कमी मिळेल असं त्याला वाटायचं.

माझं सगळं मन त्या मुलापाशी जाऊन थांबतं. प्रशिक्षकानं त्याला 'ये' म्हटलंही नसेल. म्हणायची गरजच नसते. आमच्या शाळांतून 'ऐच्छिक वर्गणी' हा शब्द फार चालायचा. वर्गशिक्षकानं फळ्यावर 'ऐच्छिक' लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी आणलेल्यांची नावं मोठ्यानं वाचायची. मग कुणाची इच्छा उरते हो? मुलं शब्द ऐकत नाहीत, चेहरा वाचतात. ज्याच्या हातात मार्क आहेत, संघातली जागा आहे, शिष्यवृत्ती आहे, त्याच्या तोंडून 'ऐच्छिक' हा शब्द खोटाच निघतो, मनात कितीही खरा असला तरी.

कॉलेजात हे आणखी अवघड होतं. दक्षिण कॅरोलायनातल्या क्लेमसन या सरकारी विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅबो स्विनी. श्रद्धाळू आणि यशस्वी. त्यांच्या संघानं २०१६ आणि २०१८ च्या हंगामांत अजिंक्यपद मिळवलं. त्यांच्याकडे २०१२ मध्ये सरावाच्या मैदानावरच एका नामवंत खेळाडूचा बाप्तिस्मा झाला. २०१४ मध्ये धर्म आणि शासन वेगळे असावेत असं म्हणणाऱ्या एका संस्थेनं तक्रार केली, की सरकारी विद्यापीठाच्या संघात धर्मगुरू नेमणं, मुलांना बसमधून चर्चला नेणं योग्य नाही. स्विनींचं उत्तर होतं की सक्ती कुणावरच नाही, आणि बऱ्याच खेळाडूंनी त्याला दुजोरा दिला. माझा दोघांवरही विश्वास आहे. पण ज्याला दुजोरा द्यायचा नव्हता, त्यानं कुठे जाऊन सांगायचं होतं? पहिल्या अकरांत असलेला मुलगा काहीही म्हणू शकतो. बाकावर बसलेला, गरीब घरातला, शिष्यवृत्तीवर शिकणारा मुलगा काय म्हणेल, ते आपण त्याला न विचारताच धरून चालतो.

म्हणून माझं मत असं. विद्यार्थ्यानं गुडघा टेकला तर टेकू द्यावा, त्याच्याकडे टक लावून बघूसुद्धा नये. प्रशिक्षकानं टेकायचा असेल तर तो खुशाल टेकावा, पण मुलं घरी गेल्यावर, दार लावून. डोंगरावरच्या प्रवचनात दार लावायला सांगितलंय ते कदाचित अशाच माणसांसाठी.

दुसरी गोष्ट, श्रद्धा आणि किंमत यांची. अमेरिकेत बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. टीबोला टिंगल सोसावी लागली हे खरं, पण त्याला घर सोडावं लागलं नाही. उलट त्याची लोकप्रियता वाढली. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा संसार दुभंगला, जातीनं दार लावलं. ज्या श्रद्धेला किंमत पडत नाही ती खोटी असते असं मी म्हणणार नाही. पण ती खरी आहे हे सांगायला तिला थोडा जास्त वेळ लागतो. टीबोनं तो वेळ दिला, असं मला वाटतं. २०१० मध्ये त्यानं संस्था काढली. २०१५ पासून ती दरवर्षी गतिमंद आणि अपंग मुलामाणसांसाठी नाचगाण्याची एक रात्र साजरी करते, चर्चाचर्चांतून, आता जगभर. नटूनथटून आलेल्या त्या मुलांचं तिथे राजाराणीसारखं स्वागत होतं. फुटबॉल त्याला पुढे फारसा साधला नाही; हे काम टिकलं. गालावरचं काजळ पुसून गेल्यावर जे उरतं ते हे.

आणि मिरवण्याचे धोके? टेनेसी विद्यापीठातून आलेला रेजी व्हाइट हा महाकाय बचावपटू सतराव्या वर्षी बाप्टिस्ट धर्मोपदेशक झाला होता. त्याला लोक 'संरक्षणमंत्री' म्हणत; इंग्रजीत मंत्री आणि धर्मोपदेशक यांना एकच शब्द आहे, म्हणून ही कोटी. मैदानावरची त्याची कीर्ती एवढी, की १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या विधिमंडळानं त्याला भाषणाला बोलावलं. तिथे तो निरनिराळ्या वंशांच्या लोकांबद्दल आणि समलिंगी माणसांबद्दल असं काही बोलला की भल्याभल्यांनी कपाळाला हात लावला. खेळ उत्तम येतो म्हणून व्यासपीठ मिळालं, आणि व्यासपीठ मिळालं म्हणून सगळ्यावर बोलायचा अधिकार आला असं वाटलं. पण याच माणसानं निवृत्तीनंतर हिब्रू शिकायला घेतली. मूळ ग्रंथ आपण स्वतः वाचलाच नव्हता असं त्याला वाटू लागलं, आणि आपल्या प्रसिद्धीसाठी चर्चवाल्यांनी आपल्याला वापरलं, असंही तो बोलून गेला. २६ डिसेंबर २००४ ला, अवघ्या ४३ व्या वर्षी तो गेला. चाळिशीत एवढ्या मोठ्या कीर्तीचा माणूस पुन्हा अक्षरं गिरवायला बसतो, याला मी श्रद्धा म्हणते.

शेवटची कसोटी आपल्या सगळ्यांची. गुडघा दुसऱ्या धर्माचा असेल तर आपल्याला तितकंच बरं वाटेल का? वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातून आलेला हुसेन अब्दुल्ला हा मुस्लिम खेळाडू २९ सप्टेंबर २०१४ ला व्यावसायिक सामन्यात गुण मिळवल्यावर सजद्यात वाकला. पंचांनी त्याच्या संघाला दंड केला! दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी मान्य केलं की दंड चुकीचा होता. धार्मिक कृतीला तो लागत नाही. आणि कॉलिन केपरनिक? नेवाडा विद्यापीठाचा हा क्वार्टरबॅक, अंगावर स्तोत्रांची वचनं गोंदवलेला ख्रिस्ती मुलगा. त्यानं २०१६ मध्ये कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाविरुद्ध राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला, आणि त्या हंगामानंतर त्याला एकाही संघानं घेतलं नाही. टीबोच्या गुडघ्याला ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतल्या अनेकांना केपरनिकचा गुडघा खुपला, आणि याच्या उलटही झालं. गुडघा तोच. बघणाऱ्याचे डोळे वेगळे.

आपण तरी कुठे वेगळे आहोत? ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत, डी. वाय. पाटील मैदानावर, महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना आपल्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ केल्या. रडत रडत तिनं येशूचे आभार मानले, आणि शेवटी शेवटी अंगात त्राण नसताना बायबलमधलं वचन मनात म्हणत होते असं सांगितलं. देशभर कौतुक झालं. पण त्याच रात्रीपासून काही जण तिला त्यावरून बोलूही लागले. सचिन शतकानंतर आकाशाकडे बघायचा तेव्हा आपले डोळे पाणावायचे. बॅट चुंबून, गळ्यातल्या ताइताला हात लावून, गंडा बांधून खेळणारे आपण पिढ्यान् पिढ्या पाहिले. मग या मुलीनंच आपल्या देवाचं नाव मनात ठेवायचं, हे कुठल्या न्यायानं? तिला इथे टीबोसारखं बहुसंख्येचं छप्पर नाही. म्हणून तिचे ते चार शब्द मला त्याच्या गालावरच्या अक्षरांपेक्षा जास्त धीराचे वाटतात.

तर मिरवणारी की जगणारी? माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. हरल्यावरही जो तेच बोलतो, ज्याच्या बोलण्यानं बाकावरच्या मुलावर दडपण येत नाही, आणि दुसऱ्याच्या देवासाठीही जो तेवढीच जागा सोडतो, तो जगणारा. बाकीच्यांनाही नावं ठेवायचं कारण नाही. वय लहान आहे, शिकतील. शिकवणाऱ्यांनी मात्र मुलांसमोर गुडघा टेकण्याआधी मागे वळून एकदा बघावं, की आपल्यामागे कोण कोण नाइलाजानं खाली बसतंय.

तुमच्यापैकी जे तिकडे राहतात, त्यांनी शनिवारचे हे सामने प्रत्यक्ष पाहिले असतील. तुम्हांला काय वाटतं ते अवश्य कळवा. माझ्याशी असहमत असलात तरी चालेल. चाळीस वर्षं शेवटच्या बाकाशी वाद घातला आहे, अजून सवय गेलेली नाही.